पाटीवरचा इलाज आणि पोटातला रोग

बसस्थानकांच्या आवारात, बाजाराच्या तोंडाशी 'मूळव्याध, भगंदर : शस्त्रक्रियेविना खात्रीशीर इलाज' अशा पाट्या आमच्या वाचकांनी पाहिल्या असतील. या पाट्यांना गिऱ्हाईक मिळते ते लोकांच्या अज्ञानामुळे, हे अर्धसत्य होय. खरे गिऱ्हाईक पुरवते ती लाज. शौचावाटे रक्त पडते ही गोष्ट माणूस बायकोला सांगत नाही, मुलाला सांगत नाही. सांगितलीच तर घरचे निदान तयार असते : 'उष्णता झाली असेल.' मग कोकमाचे सरबत, सबजाचे पाणी, एखादे मलम. चतुर्थी होऊन जाऊ दे, मग पाहू, असे म्हणता म्हणता वर्ष उलटते.

पुष्कळदा ती मूळव्याधच असते, हे आम्ही जाणतो. परंतु मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोगही असेच रक्त गाळीत असतो. कर्करोगाने जगभर होणाऱ्या मृत्यूंत फुप्फुसाच्या खालोखाल याचाच क्रमांक लागतो. २०२२ साली त्याने नऊ लाखांहून अधिक माणसे नेली. फुटबॉलवेड्या गोव्याला पेले यांचे उदाहरण आठवेल. २०२१ साली नेहमीच्या तपासणीत त्यांच्या आतड्यातील गाठ सापडली, शस्त्रक्रिया झाली, तरी पुढच्याच वर्षाच्या डिसेंबरात ते गेले. भारतात या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे खरे; पण आपल्याकडे तो बऱ्याचदा ऐन उमेदीच्या वयात गाठतो, आणि गुदाशयात, म्हणजे काही वेळा डॉक्टरांच्या बोटाला लागेल इतक्या अंतरावर, असतो. रुग्णाला न तपासता मूळव्याधीचे औषध लिहून देणारा पदवीधर आणि तो पाटीवाला यांत मग फरक तो काय राहिला? पन्नाशीच्या पुरुषाला रक्तक्षय झाला असता रक्त कोठे जाते याचा शोध न घेता लोहाच्या गोळ्या देणे, हाही त्यातलाच प्रकार.

या रोगाचे एक वैशिष्ट्य मात्र माणसाच्या बाजूचे आहे. तो बहुधा एकाएकी उद्भवत नाही. आतड्याच्या अस्तरावर प्रथम चामखिळीसारखी वाढ होते. तिला पॉलिप म्हणतात. तिचा कर्करोग व्हायला अनेकदा दहा-दहा वर्षे लागतात. एवढ्या अवधीत दुर्बिणीने ती दिसली तर त्याच बैठकीत तारेच्या फासाने कापून काढता येते आणि पुढचा रोग टळतो. रोग झाला तरी तो आतड्यापुरता असताना सापडल्यास, अमेरिकेतील अनुभवानुसार, शंभरांतील नव्वदांच्या आसपास रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. यकृतात वा फुप्फुसात पसरल्यावर हा आकडा पंधराच्या घरात येतो.

दुर्बीण सर्वांनाच लावा असे आमचे म्हणणे नाही. तेवढे डॉक्टर नाहीत आणि तेवढी गरजही नाही. डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी शौचाची साधी चाचणी त्यासाठी आहे. अमेरिकेतील मिनेसोटा येथे शेहेचाळीस हजारांवर लोकांवर झालेल्या पाहणीत दरवर्षी अशी चाचणी केल्याने या रोगाचे मृत्यू एक तृतीयांशाने घटल्याचे १९९३ साली प्रसिद्ध झाले. जपानने १९९२ पासून ती राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली. आजची सुधारित चाचणी फक्त मानवी रक्तच ओळखते, त्यामुळे आदल्या दिवशी मासळी सोडण्याची अटही नाही. गोवेकरांसाठी ही सवलत लहान नव्हे! डोळ्यांना रक्त दिसत असेल तर मात्र या चाचणीत वेळ न घालवता थेट डॉक्टरच गाठावा.

केंद्र सरकारने २०१६ साली आखलेल्या तपासणी कार्यक्रमात मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांचा समावेश केला. आतडे त्यात नाही. देशभरासाठी तसे ठरवण्यामागे कारण असेल. पण गोव्यासारख्या लहान राज्याने दिल्लीची वाट का पाहावी? ज्यांच्या आईवडिलांना वा भावंडांना हा रोग झाला आहे त्यांची नावे प्राथमिक आरोग्य केंद्रांनी नोंदवावीत, त्यांना वेळेत तज्ज्ञाकडे धाडावे, आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना मागताच ही चाचणी करून द्यावी, एवढी सुरुवात पुरे. तथापि चाचणीत रक्त आढळलेल्या माणसाला बांबोळीच्या इस्पितळात दुर्बिणीची तारीख किती आठवड्यांत मिळणार, हे आरोग्य खात्याने आधी जाहीर करावे. शिबिरांचे फलक त्यानंतर छापावेत.