चॉइस नंबर नंतर, आधी आरसी कुणाच्या नावावर ते ठरवा

आपल्या कुर्डुवाडीत धंद्याच्या गाडीलाही चॉइस नंबर लागतो. हौस करा, माझी ना नाही. पण ऑगस्ट 2024 पासून महाराष्ट्रात फी वाढलीय. चारचाकीच्या 0001 ला 3 चे 5 लाख झाले. आणि राखून ठेवलेला नंबर नवरा-बायको, मुलगा-मुलगी यांना देता येतो, पार्टनरला नाही!

भागीदारीत हप्ते दोघांचे आणि आरसी एकाची असेल, तर फाटल्यावर कागद एकाचंच नाव दाखवतो. म्हणून नंबर आणि आरसी दोन्ही फर्मच्या नावावर घ्या, पार्टनरशिप डीडमध्ये गाडीची नोंद करा.

गाडी विकलीत? फॉर्म 29 भरून 14 दिवसांत आरटीओला कळवा. नाहीतर गाडी दुसऱ्याची, चलन तुम्हाला.

आजच आरसी काढून नाव बघा.