घसारा

अकाउंट्सवाल्याला विचाराल तर घसारा म्हणजे डेप्रिसिएशन. मशीन घेतलं की दरवर्षी त्याची किंमत थोडी थोडी उतरते, ती वहीत लिहायची. ट्रेकरला विचाराल तर घसारा म्हणजे पायाखालून सरकणारी खडी-माती, जिच्यावरून उतरताना भल्याभल्यांना बूड टेकावं लागतं. मला हे दोन्ही अर्थ एकच वाटतात. डोंगरावरची पायवाट ही सगळ्यांची मालमत्ता. तिचा घसारा आपण कुठल्याच वहीत लिहीत नाही, मग तो पायाखाली येतो!

सुट्टीच्या दिवशी डोंगरासाठी राबणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. गडावरची टाकी उपसणं, बुरुजावर उगवलेली झुडपं काढणं, दरवाजे बसवणं, प्लास्टिक गोळा करणं, जूनमध्ये टेकडीवर रोपं लावणं... सगळं उत्तम आहे. पण त्या गडावर नेणारी वाट या यादीत क्वचितच असते. दरवाजा बसवला की फोटो निघतो. वाटेवरचं पाणी बाजूला काढलं तर काहीच दिसत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. नवीन फीचरला टाळ्या, मेंटेनन्सला कोण विचारतो?

वाट बिघडते कशाने? 'पब्लिक फार वाढलंय' हे आपलं ठरलेलं उत्तर. ते अर्धंच बरोबर आहे. पाय गवत मारतात आणि माती दाबतात, पण माती वाहून नेतं ते पाणी. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. वाट सरळ उतारावरून वर जात असेल, तर पावसाळ्यात तिचाच ओढा होतो. चर पडला की त्यातून चालणं नको म्हणून लोक कडेने चालतात. तिथलं गवत मरतं, तिथे दुसरा चर पडतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवर एका वाटेच्या शेजारी तीन-चार समांतर वाटा दिसतात ना, त्या अशाच तयार होतात. मधल्या पट्ट्यातलं गवत गेलं ते गेलंच.

उपाय मात्र अगदी साधे आहेत. वाट डोंगराला तिरपी न्यायची. तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा आणि सरासरी १० टक्क्यांच्या आत, म्हणजे १० मीटर चाललात तर १ मीटर वर. दरीच्या बाजूला किंचित ढाळ द्यायचा, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता आडवं निघून जातं. वाट आधीच सरळसोट असेल तर ठरावीक अंतरावर दगडांची तिरपी ओळ पुरायची आणि पाणी वाटेबाहेर काढून द्यायचं. वळणावरचे शॉर्टकट काटेरी फांद्या टाकून बंद करायचे. (नळीच्या वाटेला १० टक्क्यांचा नियम लावा असं मी म्हणत नाहीये!) अवजारं म्हणाल तर टिकाव, पहार, फावडं, घमेलं. आणि वर्षातून दोन फेऱ्या. मे महिन्यात चर साफ करायला आणि पावसाळा संपल्यावर काय वाहून गेलं ते बघायला.

हे कोण करणार? 'टॅक्स भरतो, सरकारने करावं' हा मुद्दा मला मान्य आहे, पण अर्धाच. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन ट्रेलचं उदाहरण घ्या. बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये कल्पना मांडली, १९३७ मध्ये वाट पूर्ण झाली. १४ राज्यांतून जाणारी सुमारे ३५०० किलोमीटरची वाट. १९६८ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला, तरी देखभालीचं बरंच काम आजही तीसेक स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक करतात. बऱ्याच ठिकाणी एकेका माणसाकडे एकेक तुकडा नेमून दिलेला असतो. सरकार जमीन आणि कायदा सांभाळतं, लोक टिकाव चालवतात. सुरुवातीची वाट बऱ्याच ठिकाणी थेट डोंगरावर चढत होती. तिचा मोठा भाग नंतर नव्याने आखावा लागला. म्हणजे चुका तिथेही झाल्या, पण दुरुस्त करायला माणसं जागेवर होती.

आपल्याकडे माणसं जागेवर नसली की सिमेंट येतं. वाट खचली, तक्रार झाली, टेंडर निघालं, पायऱ्या झाल्या. काही ठिकाणी त्यांची गरज असेलही. पण पाण्याचा विचार न करता ओतलेल्या सिमेंटखालची माती वाहून जाते आणि पायऱ्या अधांतरी राहतात. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यातले ११ महाराष्ट्रातले. आता गर्दी वाढणार, निधीही येईल. तो नुसत्या पायऱ्यांवर जाऊ नये असं वाटत असेल, तर दुसरा चांगला नमुना कुठेतरी तयार दिसायला हवा.

अर्थात उठून खणायला लागू नका. जमीन वनखात्याची असते, संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याचा अधिकार असतो. लेखी परवानगी हवीच. आणि खालच्या वाडीतल्या लोकांना आधी विचारा. बऱ्याचशा वाटा त्यांच्या आणि त्यांच्या गुरांच्या पायांनी पडल्या आहेत. पाणी कुठून उतरतं हे त्यांना आपल्या जीपीएसपेक्षा जास्त कळतं. त्यांच्याकडून काम करून घेतलं तर त्याची मजुरी द्या. 'श्रमदान' हा शब्द पाच दिवस एसीत बसणाऱ्यांसाठी ठीक आहे, रोजंदारीवर जगणाऱ्यासाठी नाही.

दरवर्षी नवा गड 'करणं' छानच आहे. त्यातल्या दोन सुट्ट्या एकाच वाटेच्या २०० मीटरला द्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच २०० मीटरला. आठ-दहा मित्रांचा ग्रुप असेल तर एवढं सहज जमतं. तुमच्या नेहमीच्या टेकडीवरचे कुठले २०० मीटर घ्याल?