खाणीतील धूळ आणि निवृत्तीनंतरचा खोकला

गोंदियाच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड हे गाव आहे. हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीची तांब्याची प्रचंड उघडी खाण तेथे १९८२ साली सुरू झाली. आता त्याच खड्ड्याच्या तळाखाली भुयारी कामही चालते. देवघरातील तांब्या-पळीपासून विजेच्या तारेपर्यंत ज्या धातूवाचून आपले चालत नाही, त्याचा मोठा वाटा या डोंगराने देशाला दिला. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु डोंगर फोडणाऱ्याच्या छातीत त्या डोंगराचे काय शिल्लक राहते, हा प्रश्नही खाणवस्तीतील घरांनी विचारावा, असे आम्हांस वाटते.

मलाजखंडचे तांबे मुख्यत्वे गारगोटीच्या खडकात आहे. गारगोटी म्हणजे सिलिका. भोक पाडताना, सुरुंग उडविताना आणि दगड भरडताना तिची धूळ उडते. त्यातील डोळ्यांना दिसणारी जाड धूळ बहुतेक नाकातच अडते. न दिसणारी थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. आम्ही कोंकणी मुलखातले. गोव्याच्या लोहखाणींची तांबडी धूळ झाडांवर, कौलांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसते, म्हणून तिच्याविरुद्ध ओरड तरी होते. गारगोटीच्या बारीक धुळीची तक्रार कोण करणार?

या धुळीने फुप्फुस निबर होते, त्याला सिलिकोसिस म्हणतात. क्षयालाही ती वाट करून देते. एवढे खाणभागात पुष्कळांना ठाऊक असते. तिच्यामुळे फुप्फुसाचा कर्करोगही होतो, हे मात्र थोड्यांनाच माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९७ साली गारगोटीच्या धुळीची आणि २०१२ साली डिझेलच्या धुराची गणना मनुष्यास निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. खाणीत ही दोन्ही एकाच पाळीत मिळतात.

मलाजखंडला धातुक दळून त्याचा तांबेयुक्त चुरा तयार करतात. तो वितळविण्याचे काम तेथे होत नाही. ते जेथे होते, तेथे आणखी एक वैरी भेटतो. तांब्याच्या कित्येक धातुकांत सोमल असतो आणि भट्टीच्या उष्णतेने तो धुराबरोबर वर येतो. अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या अॅनाकोंडा येथील ८,०४७ भट्टीकामगारांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. श्वसनमार्गाच्या कर्करोगाने झालेले त्यांचे मृत्यू अपेक्षेच्या तिप्पट होते. ज्यांनी सोमलाच्या सान्निध्यात अधिक वर्षे काढली त्यांच्यात सुमारे आठपट. उलट, वेल्समधील क्लायडॅक येथील निकेलच्या कारखान्यात जुन्या कामगारांना नाकाचा व फुप्फुसाचा कर्करोग फार होई. तेथील कामाची पद्धत सुधारल्यावर, १९३० नंतर भरती झालेल्यांत तो धोका पुष्कळच उतरला. तेव्हा हे कपाळी लिहिलेले आहे, असे कोणी म्हणू नये. भोक पाडताना पाणी वापरणे, भुयारात पुरेशी हवा खेळविणे, धूळ उडते तेथेच ती ओढून घेणे, यांत न उलगडणारे असे काहीच नाही.

अपघातात खाणकामगार दगावला तर त्याच दिवशी नोंद होते. कर्करोगाचे तसे नाही. धूळ छातीत गेल्यापासून रोग दिसेपर्यंत पंधरा, वीस, तीस वर्षेही लोटतात. १९८२ साली पंचविशीत मलाजखंडला कामाला लागलेला तरुण आज सत्तरीच्या घरात आहे. रोग व्हायचा तर तो आता व्हावा. आणि आता तर त्याचे नाव हजेरीपटावर नाही! ठेकेदाराकडे राबलेल्याचे ते कधीकाळी होते हे सिद्ध करणेसुद्धा कठीण.

त्यात बालाघाट-गोंदिया हा तेंदूपानांचा आणि बिडीचा मुलूख. म्हातारा खाणकामगार छातीची तक्रार घेऊन दवाखान्यात गेला की पहिला प्रश्न येतो, "बिडी ओढता का?" उत्तर बहुधा होकारार्थी असते आणि चौकशी तेथेच संपते. बिडी निर्दोष आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. धूळ आणि बिडी यांची युती झाली म्हणजे धोका अधिकच वाढतो. पण दोन चोरांपैकी एकालाच धरून खटला मिटविणे हा न्याय नव्हे. "काम काय करीत होता? कोठे? किती वर्षे?" हेही विचारलेच पाहिजे.

या प्रश्नांचे उत्तर कागदावर हवे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अॅस्बेस्टॉसच्या उद्योगाला आज्ञा केली, की प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत जपून ठेवावी. हाच नियम गारगोटीची धूळ उडणाऱ्या प्रत्येक खाणीत, ठेकेदाराच्या मजुरासह, कसोशीने पाळला जावा, आणि निवृत्तांची छातीची तपासणीही चालू राहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मध्य प्रदेशच्याच झाबुआ-अलिराजपूर भागातून गुजरातेत गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेलेले मजूर सिलिकोसिसने मेले. कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून, कोण कोठे कामाला होते याच्या याद्या केल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्यास गुजरात सरकारला सांगितले, त्यामागे या याद्यांचे मोठे बळ होते.

सरकार आणि कंपनी आपले काम करतील तेव्हा करतील. तोवर, ज्यांचे वडील, काका वा आजोबा खाणीत किंवा भट्टीवर आहेत अथवा होते, अशा विद्यार्थ्यांनी घरी बसून एक वही करावी. कामाचे ठिकाण, काम कोणते (भोक पाडण्याचे, भरडण्याचे की गाडी हाकण्याचे), कोणत्या साली लागले, कधी सोडले, मध्ये ठेकेदार बदलला तर त्याचे नाव, हे सारे तीत लिहून काढावे. हजेरीचा पास, पगाराची चिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा कागद सोबत ठेवावा. आणि छातीचे जुने क्ष-किरण फोटो रद्दीत जाऊ देऊ नयेत. दहा वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी धरला, की नव्या फोटोतील डाग जुनाच आहे की अलीकडे उमटला, हे डॉक्टरांना पाहता येते.