नुक्ता दिसला पाहिजे

"टीचर, ये बे है या पे?" शहाडमधल्या आमच्या गल्लीतल्या अभ्यासिकेत सहावीच्या एका मुलीने पडद्यावर बोट ठेवून विचारलं. मी चष्मा सावरून पाहिलं. मलाही सांगता येईना.

उर्दूत बे, पे, ते, से या चारही हर्फांचा सांगाडा एकच. खाली एक नुक्ता तर बे, तीन तर पे. वर दोन तर ते, तीन तर से. नुक्ते एकमेकांत मिसळले की वाचन संपतं आणि अंदाज सुरू होतो. मराठीत 'ब'च्या पोटातली रेघ पुसून त्याचा 'व' व्हावा, तसंच हे.

आमचे चार संगणक देणगीतले. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला आणि अनेक चांगली मशीन जुनी ठरली. आम्ही त्यांवर लिनक्स टाकलं. देणाऱ्यांसोबत फोटो निघाले, पण पडद्यावरचं वाचता येतं का, हे कुणी पाहिलं नाही. मीही नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, "मॉनिटर बदला."

मॉनिटर मात्र ठणठणीत होता. तो 1440 बाय 900 ठिपक्यांचा. आपलं माप तो केबलमधून संगणकाला कळवतो. त्या माहितीला ईडीआयडी म्हणतात. आमच्या जुन्या व्हीजीए केबलमधून ती पोहोचत नव्हती. मग संगणकाने सावधपणे 1024 बाय 768 धरलं. चित्र रुंदीत ताणलं गेलं, अक्षरं फुगली आणि नुक्ते विरघळले.

उपाय फुकट निघाला. टर्मिनलमध्ये 'सीव्हीटी 1440 900' लिहिलं की आकड्यांची एक ओळ मिळते. तिला मोडलाइन म्हणतात. त्यात दिसणारे ठिपके 1440, पण पूर्ण ओळ 1904 ची. उरलेली जागा म्हणजे वहीतला समास. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यांना एक ओळ संपवून दुसरी सुरू करायला ती लागायची. मग एक्सरँडर या आज्ञेने तीन कामं करायची: 'न्यूमोड'ने ते माप नोंदवायचं, 'अ‍ॅडमोड'ने मॉनिटरला जोडायचं, 'आउटपुट'ने लागू करायचं. चुकलं तर पडदा काळा होतो. मशीन पुन्हा सुरू केलं की सगळं पूर्ववत. जमलं की त्याच ओळी होम फोल्डरमधल्या 'एक्सप्रोफाइल' फाइलीत ठेवल्या, म्हणजे दर लॉगिनला आपोआप लागतात. नव्या लिनक्सवर एक्सऐवजी वेलँड चालत असेल, तर मात्र ही आज्ञा उपयोगी पडत नाही.

मी बीएड केलेली बाई, इंजिनिअर नाही. मला दोन संध्याकाळी लागल्या. म्हणूनच सांगते, वस्तीत संगणक देणारे हात कमी नाहीत. कमी आहे ती त्यानंतर तिथे बसणारी माणसं. देणगीत मशीनसोबत कुणाच्या तरी दोन संध्याकाळी मोजल्या पाहिजेत. आणि आपण शिक्षकांनीही "फुकटचं आहे, चालवून घ्या" म्हणणं सोडावं. पडदा अंधुक असतो तेव्हा मुलाला वाटतं की आपलंच वाचन कच्चं आहे. हे नुकसान मॉनिटरच्या किमतीपेक्षा मोठं.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी तोच शब्द पाहिला. "पे है, टीचर," ती म्हणाली. चौथ्या मशीनची आज्ञा तिने स्वतः टाइप केली.