रस्ता सगळ्यांचा, मग मरणाची जबाबदारी कुणाची?

संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांच्या जोडीला रस्त्यांचाही उल्लेख आहे. सार्वजनिक रस्त्यावर पाऊल टाकायलाही ज्यांना मनाई होती, त्यांचा हक्क तिथे नोंदवला गेला. पण त्या रस्त्याने निघालेला माणूस जिवंत घरी पोहोचत नसेल, तर त्या हक्काचे काय करायचे?

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत साठ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची आणि पायी चालणारी होती. रस्ता रुंद होतो तो चारचाकीच्या वेगासाठी. किंमत मोजतात ती ही माणसे.

आपल्या सावंतवाडी तालुक्यातला आंबोली घाट घ्या. पावसाळ्यात दरडी, दाट धुके, त्यात धबधब्यावर येणाऱ्या पर्यटकांची गर्दी. रस्ता बांधकाम विभागाचा, कडेचे रान वनविभागाचे, वाहतूक पोलिसांची, वाहनतपासणी आरटीओची आणि जखमी आरोग्य विभागाचे. गंभीर जखमीला पुष्कळदा गोव्यात बांबोळीला न्यावे लागते. प्रत्येक खात्याला आपली हद्द नेमकी ठाऊक असते. अपघात मात्र हद्द बघून होत नाही.

'सहकार्य' हा शब्द भाषणात गोड वाटतो. प्रत्यक्षात ते कसे होते, हे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दिसले. २०१६ पासून तिथे रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाईफ फाउंडेशन यांनी मिळून काम केले. अपघातांची कारणे जागेवर जाऊन शोधली आणि त्यानुसार दुरुस्त्या केल्या. २०१६ मध्ये तिथे १५१ मृत्यू झाले होते, २०१९ मध्ये ते ९२ वर आले. गाडीवाल्यांच्या मार्गावर जे जमते, ते एसटीने आणि पायी जाणाऱ्यांच्या घाटात का जमू नये?

कायद्याची सबब चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच जिल्हा रस्ता सुरक्षा समित्या नेमायचे आदेश दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आले. रस्त्याच्या सदोष बांधणीमुळे कुणाचा जीव गेला, तर संबंधित यंत्रणेला आणि कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणून आपली मागणी साधी असावी. समितीचे इतिवृत्त रस्त्यालगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजे. त्यात धोक्याची जागा, काम, जबाबदार खाते आणि मुदत स्पष्ट हवी. समितीत रिक्षावाले, एसटीचे प्रवासी आणि रस्त्याकडेच्या वाड्यांतली माणसेही हवीत. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. नुसती समिती नेमली म्हणून हक्क मिळत नाही. तिला जाब विचारावा लागतो.

जय भीम!