दुसऱ्या जागेचा सौदा

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची पुढील निवडणूक नोव्हेंबर २०२८ मध्ये व्हायची आहे. परंतु तेथील भांडवली वृत्तपत्रांना तोवर धीर धरवत नाही. अध्यक्षपदाचे उमेदवार कोण हेच जेथे ठरलेले नाही, तेथे त्यांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी कोण उभे राहील याचे आडाखे बांधणे सुरू झाले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये खुद्द डोनाल्ड ट्रम्प यांनी जे. डी. व्हान्स आणि मार्को रुबिओ या जोडीला रोखणे कोणाला जमणार नाही, असे सांगून या चर्चेत तेल ओतले. स्वतः ट्रम्पच उपाध्यक्षपदासाठी उभे राहून मागील दाराने पुन्हा अध्यक्ष होतील, अशीही एक आवई त्याच दिवसांत उठली. ती शक्यता त्यांनी नाकारली. आपल्याकडील दैनिकांनीही या बातम्या चवीने छापल्या.

या साऱ्या चर्चेत एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो: कोणाची निवड होणार? दुसरा प्रश्न मात्र कटाक्षाने टाळला जातो: निवड करतो कोण? वस्तुतः या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच अमेरिकन लोकशाहीचे वर्गस्वरूप स्पष्ट होते.

नगण्य पद, निर्णायक पद

उपाध्यक्षपद हे मानवी बुद्धीने निर्माण केलेले सर्वात क्षुल्लक पद होय, अशा आशयाची तक्रार पहिले उपाध्यक्ष जॉन अॅडम्स यांनी केली होती. सिनेटचे अध्यक्षस्थान भूषविणे आणि समसमान मते पडल्यास निर्णायक मत देणे, याखेरीज राज्यघटनेने या पदाला फारसे काम दिलेले नाही. असे असूनही आजवर नऊ उपाध्यक्ष मुदत संपण्यापूर्वीच अध्यक्ष झाले आहेत: आठ जण अध्यक्षाच्या मृत्यूमुळे, तर नववे जेराल्ड फोर्ड १९७४ साली निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. मृत्यू पावलेल्या आठ अध्यक्षांपैकी चौघांचे खून झाले. म्हणजे मतदार ज्या नावाकडे पाहून मत देतो त्याच्या आड दुसरे एक नाव उभे असते आणि देशाची सारी सत्ता एका रात्रीत त्या दुसऱ्या नावाकडे जाऊ शकते. त्या नावाला मात्र स्वतंत्रपणे मत देण्याची सोय मतदाराला नाही. जोडी स्वीकारा, नाही तर जोडी नाकारा!

लिंकननंतर जॉन्सन

या व्यवस्थेची सर्वात मोठी किंमत मोजावी लागली ती गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय जनतेला. १८६४ साली यादवी युद्ध ऐन भरात असताना लिंकन दुसऱ्यांदा उभे राहिले. पहिल्या मुदतीतील उपाध्यक्ष हॅनिबल हॅम्लिन हे गुलामगिरीचे कडवे विरोधक. त्यांना बाजूला सारून टेनेसी राज्यातील डेमोक्रॅट अँड्र्यू जॉन्सन यांना उमेदवारी देण्यात आली. हे गृहस्थ स्वतः गुलामांचे मालक राहिलेले होते. युद्धाला पाठिंबा देणाऱ्या डेमोक्रॅटांची आणि सीमेवरील राज्यांची मते मिळवावयाची, एवढाच या निवडीचा हिशेब होता.

मार्च १८६५ मध्ये जॉन्सन उपाध्यक्ष झाले आणि एप्रिलमध्ये लिंकन यांचा खून झाला. त्याच वर्षी जानेवारीत जनरल शर्मन यांच्या हुकुमाने दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया व फ्लोरिडाच्या किनारपट्टीतील मळेवाल्यांच्या जमिनी मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवण्यात आल्या होत्या. प्रत्येक कुटुंबाला ४० एकरांपर्यंत जमीन मिळावयाची होती. हजारो कुटुंबे तेथे नांगर धरून उभी राहिली होती. जॉन्सन यांनी वर्ष संपण्याच्या आत मळेवाल्यांना माफी देऊन या जमिनी परत करण्याचा सपाटा लावला, आणि १८६६ साली नागरी हक्कांच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. काँग्रेसने तो नकाराधिकार मोडून काढला खरा. परंतु जमीन गेली ती गेलीच. राजकीय मुक्ती मिळालेल्या माणसाला पोटासाठी पुन्हा जुन्या मालकाच्याच शेतावर जावे लागले.

लिंकन यांच्या फेरनिवडीबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघाच्या वतीने अभिनंदनपत्र लिहिणाऱ्या मार्क्सनेच मे १८६५ मध्ये जॉन्सन यांनाही पत्र लिहिले होते. त्यात आशा होती. परंतु जून संपण्यापूर्वीच एंगल्सला लिहिताना त्याने जॉन्सन यांच्या धोरणाविषयी अस्वस्थता व्यक्त केली. व्यक्तींविरुद्ध कठोरपणाचा आव आणि प्रत्यक्ष धोरणात दुबळेपणा, हे त्याच्या ध्यानात आले होते.

शिकागो, जुलै १९४४

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्रँकलिन रुझवेल्ट चौथ्यांदा उभे राहात होते. त्यांची प्रकृती ढासळलेली आहे हे पक्षातील धुरिणांना दिसत होते. आपण उपाध्यक्ष नव्हे तर पुढचा अध्यक्ष निवडीत आहोत, याची त्यांना पुरती जाणीव होती. त्या वेळचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांनी १९४२ साली येणारे शतक सामान्य माणसाचे असेल असे जाहीरपणे सांगितले होते. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तिकेत त्यांनी हिंदुस्थानसह आशियातील वसाहतींच्या मुक्ततेचा पुरस्कार केला होता, आणि त्यामुळे ब्रिटिश सरकारचा रोष ओढवून घेतला होता. सोव्हिएत संघाशी युद्धोत्तर काळातही सहकार्य चालू राहावे, असे त्यांचे मत होते. कामगार संघटना व कृष्णवर्णीय मतदार त्यांच्या बाजूचे होते. मक्तेदार भांडवलाला आणि दक्षिणेतील वर्णद्वेष्ट्या पुढाऱ्यांना हा माणूस नको होता.

११ जुलै १९४४ रोजी व्हाइट हाउसमध्ये एक बैठक झाली. पक्षाचे अध्यक्ष रॉबर्ट हॅनेगन, खजिनदार व तेलव्यवसायातील धनिक एडविन पॉली, शिकागोचे महापौर एडवर्ड केली, न्यूयॉर्कचे एडवर्ड फ्लिन अशी मंडळी जमली होती. या बैठकीत मिसुरीचे सिनेटर हॅरी ट्रुमन यांचे नाव पुढे आले. रुझवेल्ट यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. आपण प्रतिनिधी असतो तर वॉलेस यांना मत दिले असते, असे एकीत होते. ट्रुमन किंवा न्यायमूर्ती डग्लस चालतील, असे दुसरीत होते. अधिवेशनात कोणती चिठ्ठी वजनदार ठरली, हे सांगावयास नको.

२० जुलैच्या रात्री शिकागोच्या सभागृहात वॉलेस यांच्या नावाचा जयघोष सुरू झाला, तेव्हा त्याच लाटेवर मतदान होऊ नये म्हणून अधिवेशन तहकूब करण्यात आले. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत वॉलेस यांना ४२९॥, तर ट्रुमन यांना ३१९॥ मते पडली. बहुमत कोणालाच नव्हते. मग राज्याराज्यांच्या पुढाऱ्यांनी आपापली मते वळविली आणि दुसऱ्या फेरीअखेर ट्रुमन विजयी झाले. १२ एप्रिल १९४५ रोजी रुझवेल्ट निवर्तले. ८२ दिवसांचे उपाध्यक्ष अध्यक्ष झाले. अणुबाँबच्या योजनेची संपूर्ण माहिती त्यांना त्यानंतर मिळाली, आणि चार महिने पुरे होण्याच्या आत हिरोशिमा व नागासाकी भस्मसात झाली.

वॉलेस असते तर शीतयुद्ध टळले असते, असा निष्कर्ष येथे काढावयाचा नाही. इतिहास व्यक्तींच्या सद्भावनेवर चालत नाही. स्वतः वॉलेस यांनी १९४८ साली प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे निवडणूक लढविली आणि केवळ २.४ टक्के मते मिळविली. १९५० साली कोरियातील अमेरिकन युद्धाला पाठिंबा देऊन ते त्या पक्षातूनही बाहेर पडले. मुद्दा वेगळाच आहे. एका विशिष्ट क्षणी सत्ताधारी वर्गाला जगाविषयीचे धोरण बदलावयाचे होते. त्या बदलाच्या आड येणारा माणूस मतदारांपुढे प्रश्न न मांडता एका खोलीत दूर करता आला. उपाध्यक्षपदाची निवड सोयीची ठरते ती यामुळेच.

नकार देता येतो, निवड करता येत नाही

१९४४ च्या या कथेचे आणखी एक अंग आहे आणि कामगार चळवळीच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. ट्रुमन यांच्यापूर्वी दक्षिण कॅरोलिनाचे जेम्स बर्न्स यांचे नाव आघाडीवर होते. कामगार संघटना व कृष्णवर्णीय मतदार ते सहन करणार नाहीत, हे सिडने हिलमन यांच्यासारख्या कामगार नेत्यांनी स्पष्ट केले आणि बर्न्स बाद झाले. म्हणजे लक्षावधी संघटित कामगारांचे बळ एका प्रतिगामी उमेदवाराला रोखू शकले. परंतु आपल्या पसंतीच्या उमेदवाराला बसवू शकले नाही. दुसऱ्याच्या पक्षात पाहुणा म्हणून गेलेल्याला पानात वाढलेला एखादा पदार्थ नाकारता येतो. स्वयंपाक काय करावा हे मात्र ठरविता येत नाही.

ऐंशी वर्षांनंतर, २०२४ साली, नेमके हेच पुन्हा घडले. २०२३ च्या संपात तीन बड्या मोटार कंपन्यांना नमविणाऱ्या युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेच्या शब्दाला त्या वर्षी वजन होते. सिनेटर मार्क केली यांनी संघटना-स्वातंत्र्याच्या विधेयकाला साथ दिलेली नव्हती. संघटनेचे अध्यक्ष शॉन फेन यांनी त्यांच्याबद्दल जाहीर नापसंती दाखविताच केली यांना आपण त्या विधेयकाला मत देऊ असे सांगावे लागले. अखेर ६ ऑगस्ट रोजी कमला हॅरिस यांनी मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांना निवडले. वॉल्झ यांच्या राज्यात २०२३ पासून शाळकरी मुलांना मोफत जेवण मिळू लागले होते. कामगारांनी समाधान मानले. परंतु नाव बदलले म्हणून धोरण बदलले काय? गाझामध्ये नरसंहार चालू असताना इस्रायलची शस्त्रबंदी करण्यास हॅरिस यांचा पाठिंबा नाही, हे त्यांच्या सल्लागाराने त्याच आठवड्यात सांगून टाकले.

दुसऱ्या बाजूला ट्रम्प यांनी व्हान्स यांना निवडले आणि ओहायोच्या गरीब गोऱ्या कुटुंबातील हा मुलगा कामगारांचा कैवारी म्हणून मिरवू लागला. तो मुलगा पुढे पीटर थील या धनाढ्याच्या गुंतवणूक कंपनीत नोकरीस होता आणि २०२२ साली त्याला सिनेटवर निवडून आणण्यासाठी थील यांनी सुमारे दीड कोटी डॉलर ओतले होते, हे मात्र हळूच सांगितले जाई. मालमोटार कामगारांच्या टीमस्टर्स संघटनेचे अध्यक्ष शॉन ओब्रायन तर रिपब्लिकन अधिवेशनाच्या व्यासपीठावर जाऊन बोलले. फळ काय मिळाले? मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी एका हुकुमाने अनेक सरकारी खात्यांतील कर्मचाऱ्यांचा सामुदायिक वाटाघाटींचा हक्कच काढून घेतला.

भांडवलाला असे दारी ताटकळावे लागत नाही. २००० साली जॉर्ज बुश यांनी सहउमेदवार शोधण्याचे काम डिक चेनी यांच्यावर सोपविले आणि शोधाअंती खुद्द चेनी यांचेच नाव निघाले! ते त्या वेळी हॅलिबर्टन या तेलक्षेत्रातील बड्या कंपनीचे प्रमुख होते. २००३ साली इराकवर आक्रमण झाले आणि त्या कंपनीच्या शाखेला अब्जावधी डॉलरची कंत्राटे मिळाली.

चेहऱ्यांचा तोल

हल्ली या निवडीला समाजातील सर्व थरांना प्रतिनिधित्व देण्याचा मुलामा चढविला जातो. स्त्री, कृष्णवर्णीय, स्थलांतरितांची संतती यांना संधी मिळणे ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तिच्यामागे प्रदीर्घ लढे आहेत. परंतु हे दार कोणी ठोठावले, याचा विसर पडता कामा नये. अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाने १९३२ साली जेम्स फोर्ड या कृष्णवर्णीय कामगार नेत्याला उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली होती. १९५२ साली प्रोग्रेसिव्ह पक्षाने शार्लोटा बास या कृष्णवर्णीय स्त्रीला, तर १९८० व १९८४ साली कम्युनिस्ट पक्षाने अँजेला डेव्हिस यांना उभे केले. फोर्ड यांच्यानंतर ८८ वर्षांनी, २०२० साली, दोन बड्या पक्षांपैकी एकाला कृष्णवर्णीय उमेदवार सुचला.

कमला हॅरिस यांच्या आजोळच्या गावी, तामिळनाडूतील तुळसेंद्रपुरमला, पूजा झाल्या. उषा व्हान्स यांच्या आंध्रातील पूर्वजांचे गाव शोधून काढण्यात आले. आपल्या मातीशी नाते असलेल्या माणसाबद्दल गावकऱ्यांना कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प-व्हान्स सरकारने भारतीय स्थलांतरितांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडले, तेव्हा ते नाते त्यांच्या कोणत्या कामी आले?

आपल्यापुरता बोध

आपल्या उपराष्ट्रपतीची निवड संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य करतात आणि राष्ट्रपतीच्या मृत्यूनंतर तो उरलेली मुदत भोगीत नाही. नवी निवडणूक घ्यावीच लागते. तरीही जुलै २०२५ मध्ये जगदीप धनखड यांनी राजीनामा दिला तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनीही अमेरिकन थाटातच अंदाजांचा बाजार मांडला. कोणत्या जातीचा, कोणत्या प्रांताचा, याची गणिते मांडली गेली. महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांचे नाव जाहीर झाल्यावर त्यांचा तामिळनाडूशी असलेला संबंध हाच मुख्य विषय झाला. राज्यसभेचे सभापतिपद भूषविणाऱ्या या व्यक्तीने विरोधकांचा आवाज राखावा की दाबावा, हा खरा प्रश्न मागे पडला.

कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे ते एवढेच. दुसऱ्याने मांडलेल्या यादीतील कोणते नाव बरे, याची चर्चा कामगारवर्गालाही अधूनमधून करावी लागते. बर्न्स यांना रोखणे चूक नव्हते. संपाच्या बळावर मिळालेला नकाराधिकारही लहान नव्हे. परंतु तो अधिकार म्हणजेच सत्तेतील वाटा, असे समजणारी चळवळ दर चार वर्षांनी त्याच दाराशी त्याच आशेने उभी राहते. यादी करण्याचा अधिकार मागून मिळत नाही. स्वतःची संघटना, स्वतःचा पक्ष आणि स्वतःचा कार्यक्रम असल्याखेरीज तो हाती येत नाही, हे शिकागोतील त्या जुलैने दाखवून दिले आहे.