विद्यार्थी आणि चूल

थंडीचे दिवस आले म्हणजे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका जेथून दिसतो त्या शेतांच्या बांधांवर संध्याकाळी पोपटीचे जाळ दिसू लागतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, जाडे मीठ, ओवा, कोणाच्या घरी चालत असल्यास अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी. वर पुन्हा पाला कोंबून तोंड बंद करावयाचे, मडके उपडे ठेवावयाचे आणि भोवती पेंढा व काटक्या रचून आग लावावयाची. हा सारा खटाटोप बहुधा गावातील तरुण मुलेच करतात, त्यांत कॉलेजात जाणारेही असतात. जाळ किती हवा, मडके केव्हा उचलावे, याबद्दल त्यांच्यात पैजा लागतात. पण आपण बायकी काम करीत आहोत अशी शंका त्यांपैकी एकालाही शिवत नाही. हाच तरुण घरी परतला म्हणजे मात्र त्यास पाण्याचा तांब्यादेखील हातात आणून द्यावा लागतो! बांधावर ज्या हातांस विस्तव कळतो, त्यांस घरातील चूल कळू नये, हे काय गौडबंगाल आहे?

आमच्या मते हे अज्ञान नसून शिकवलेली सवय आहे. आणि जी सवय शिकवता येते ती मोडताही येते. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने, मग तो मुलगा असो वा मुलगी, घरच्या घरी रांधण्यास व भाजण्यास शिकावे, आणि आईबापांनी ते शिक्षणाचेच अंग मानावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

भाजणे हा शब्द आम्ही मुद्दाम योजला आहे. केक-पावाची विद्या साहेबाबरोबर आली, तिचा आमच्या स्वयंपाकघराशी संबंध काय, असे म्हणणारे गृहस्थ अद्यापि भेटतात. पाव पोर्तुगीजांबरोबर आला हे खरे. परंतु पाण्याचा थेंबही न घालता कोंडलेल्या उष्णतेने पदार्थ शिजविणे हेच पोपटीचे तत्त्व आहे व भट्टीचेही तेच आहे. काकडी, गूळ आणि तांदळाचा रवा यांचे धोंडस कोकणातील आज्या झाकणावर व भांड्याखाली निखारे ठेवून करीत असत. आणि तूप, साखर, मैदा घरून नेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणण्याची चाल तर पन्नाशी उलटलेल्या पुष्कळ वाचकांस आठवत असेल. तेव्हा ज्या मुलास घरी केक करावासा वाटतो, तो परधर्मात चालला आहे असे समजण्याचे कारण नाही. विजेची भट्टी नसली तरी अडत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू पसरून, ती चांगली तापवून, आत तिवईवर भांडे ठेवले व वर घट्ट झाकण घातले की काम भागते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली, शाळा-कॉलेजे बंद पडली आणि एरवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकणारी मुले आत शिरली. घरोघर केक झाले, पिझ्झे झाले, त्यांची छायाचित्रे आप्तेष्टांस गेली. आम्हांस त्याचे कौतुकच वाटले. परंतु त्या कौतुकात एक खोट राहून गेली ती सांगितलीच पाहिजे. मुलाने केक केला म्हणजे घरभर वाहवा होते. मग मैद्याने माखलेला ओटा, तुपकट परात आणि करपलेले भांडे कोणी घासले? बहुतेक घरांत आईने. ज्या भाकऱ्या तिने त्याच दिवशी दोन्ही वेळा थापल्या, त्यांचे छायाचित्र कोणी काढले नाही. हौसेचा पदार्थ मुलाचा आणि रोजचा रगाडा बाईचा, अशी वाटणी होत असेल तर मुलगा स्वयंपाक शिकला असे म्हणणे धाडसाचे आहे. तो फार तर पाहुणा म्हणून चुलीपाशी बसून गेला. आमच्या लेखी स्वयंपाकाचे शिक्षण बाजारातील पिशवीपासून सुरू होते आणि मोरीपाशी संपते.

ही वाटणी किती घट्ट आहे हे सरकारी आकड्यांवरून दिसते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशातील लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरची बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाची सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. आणि मुळात अशी कामे करणारे पुरुष शंभरात सव्वीसच्या आसपास! पुन्हा २०२४ मध्ये पाहणी झाली तेव्हा स्त्रियांची मिनिटे २८९ झाली. दहा मिनिटांचा भार कमी झाला म्हणून आनंद मानावा, तोच पुरुषांचा आकडा ८८ वर उतरलेला! म्हणजे तिचे ओझे जे थोडे हलके झाले ते पुरुषाने खांदा दिल्यामुळे नव्हे. त्याने तर आपला वाटाही घटविला.

आमच्याकडील विद्यार्थ्याचा इतिहासही परक्या हातच्या अन्नावर पोसलेला आहे. एके काळी पुण्यात शिकणारी गरीब ब्राह्मण मुले माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत; मुंबईस आलेला गिरणीकामगार कोणा बाईच्या खाणावळीत ताट धरून बसे. आता फोनवर बोट ठेवले की डबा दाराशी येतो. साधन बदलले, पण जेवणारा तसाच परावलंबी राहिला. याच्या उलट धडा कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास १९२४ मध्ये काढलेल्या वसतिगृहात घालून दिला. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस बसत आणि वसतिगृहाची कामे आपल्या हातांनी करीत. ज्या समाजात कोणी कोणाच्या हातचे खावे यावर माणसाची प्रतवारी ठरत असे, तेथे पोरांनी एकत्र रांधून खाणे हे केवढे बंड होते, याची कल्पना आजच्या मुलांस द्यावयास हवी. पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय त्यांच्याच रयत शिक्षण संस्थेचे आहे, तेव्हा हा वारसा आम्हांस दुरून आणावयास नको. सेवाग्रामच्या नयी तालीमच्या शाळेतही स्वयंपाक हे शिक्षणाबाहेरचे काम मानले गेले नाही. अलीकडे, २०१९ मध्ये, बालभारतीने इयत्ता दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर भाजी निवडीत बसलेला बापही दाखविला. चित्र लहान आहे. परंतु घरी तसा बाप नसेल तर मुलाने पुस्तक खरे मानावे की घर?

पाकशास्त्रावरील आमच्या ग्रंथांची नावेच पाहा. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. म्हणजे या विषयावर पुरुषाने लेखणी उचलण्यास हरकत नव्हती, पळी उचलण्यासच होती! पुढे १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचा हजार पाकक्रियांचा ग्रंथ निघाला, त्याचे नाव ‘गृहिणी-मित्र’. उपयुक्त ग्रंथ, पण ‘विद्यार्थी-मित्र’ म्हणून असा ग्रंथ काढावा असे कोणास सुचले नाही.

अभ्यासाचा वेळ बुडेल, ही तक्रार आम्ही ऐकून आहोत. ती करणाऱ्यांनी एवढेच पाहावे की वर्गात जे फळ्यावर लिहिले जाते त्यातील किती घरी हाताखालून जाते. दह्यातील आम्ल आणि सोडा यांच्या संयोगाने वायू सुटतो आणि केक फुगतो. मैदा पाण्यात फार मळला की चिवट होतो. हा गुण पावाला हवा असतो आणि केकास मारक असतो. वाल रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणणे व मग ते कोमट पाण्यात सोलून बिरडे करणे, हा बीजांकुरणाचा धडा पुस्तकातल्यापेक्षा कमी प्रतीचा नाही. पावसाच्या तोंडावर आदिवासी बाया पनवेलच्या बाजारात शेवळे विकावयास बसतात. ती काकडे घातल्यावाचून शिजवली तर घसा खाजतो. हे ज्ञान कोणत्याही परीक्षेत विचारीत नाहीत, म्हणून ते एका पिढीत लोपू शकते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे व तो सुशिक्षित स्त्रियांकडून येतो. मुलींस चुलीपासून सोडविण्यास इतकी वर्षे झगडावे लागले, आता शिक्षणाच्या नावाने तुम्ही त्यांस परत तेथेच लोटता काय? या प्रश्नास आमचे उत्तर असे की, ज्या घरात मुलगी आधीच करीत आहे तेथे तिला आणखी शिकविण्याची गरज नाही. तिच्या वाट्याचे काम भावाने घ्यावे आणि तिला त्या वेळी पुस्तक घेऊन बसू द्यावे. दोघांस सारखेच शिकवू म्हणून मुलाला केक आणि मुलीला पोळ्या देणे, ही सारखी वाटणी नव्हे.

व्यापारी वाचकांस हिशेबाची भाषा अधिक पटेल. पेढीवर नवा मुलगा आला म्हणजे आपण त्यास प्रथम गल्ल्यावर बसवीत नाही; माल उचलणे, मापणे, झाडणे हे आधी शिकवितो, कारण त्यावाचून मालाची पारख येत नाही. मग स्वतःच्या मुलास, जो उद्या पुण्यास किंवा परदेशी चार मित्रांबरोबर खोली करून राहणार, त्यास डाळीचा भाव व तेलाचा खप माहीत नसावा, हे कोणत्या व्यवहारात बसते?

येत्या मे महिन्याच्या सुटीत आठवड्यातून एक संध्याकाळ घरातील विद्यार्थ्याकडे द्यावी. गॅसची शेगडी प्रथम वडील माणसाच्या देखत पेटवावी. नळी व बटणे तपासण्यास शिकवावे. पहिल्या दिवशी केक नको, भात आणि आमटी पुरे. सामान त्यानेच आणावे, त्याच्या डाव्या हाताच्या भाकरीस कोणी नावे ठेवू नयेत, आणि उरलेले अन्न उद्या कसे लावावयाचे हेही त्यानेच सांगावे. भांडी घासून झाल्यावर मग हौसेने नानकटाईचे पीठ मळावयास घ्यावे. त्या संध्याकाळी आईने काय करावे, याची सूचना मात्र आम्ही करीत नाही. ते तिचे तिला ठरवू द्या.